उजवा दिवा अर्ध्यावर थांबतो

नेवासा फाटा
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बजरंग,

आधी स. न. वि. वि. लिहिलं होतं, मग तो कागद टाकून दुसरा घेतला. तुला मी असं कधी लिहिलंय? तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडं ठीक आहे. ज्योती भाऊबीजेला तुझ्याकडं येऊन गेली, तिच्याकडून कळलं की डाळिंबाला यंदा फळ बरं धरलंय पण पानांवर डाग दिसतात. आमची संस्कृती पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तिला गणित तुझ्यासारखं येतं, माझ्यासारखं नाही, हे तिची आई रोज ऐकवते.

फोन करणार होतो. पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि बहिणीच्या फोनवरून तुला गाठणं मला बरं वाटलं नाही. शिवाय आकृती काढायची आहे. मागच्या कोऱ्या पानावर काढली आहे, ती आधी बघ आणि मग पुढचं वाच.

दुकानात एक गाडी आलीय. बेलापूरच्या मालनसिस्टरची. तू त्यांना पाहिलं नसशील. मस्कतला सोळा वर्षं नर्स होत्या, १९९६ ला कायमच्या परत आल्या आणि येताना स्वतःची गाडी बोटीनं घेऊन आल्या. दोन दारांची, लाल, जपानी, ८७ सालची. अडुसष्ट वर्षांच्या बाई, पांढरे कॅनव्हासचे बूट घालतात आणि ती गाडी स्वतः चालवतात. कोणाला हात लावू देत नाहीत. मला लावू दिला, कारण श्रीरामपूरच्या दोन जणांनी ‘हे आपल्या इकडचं नाही’ म्हणून हात जोडले.

गाडीची गंमत अशी की पुढं दिवेच दिसत नाहीत. सपाट बॉनेट. स्विच फिरवला की दोन झाकणं वर उचलली जातात आणि आतून दिवे बाहेर येतात, पावसाळ्यात बेडूक डोळे वर काढतो तसे. बंद केले की परत आत. प्रत्येक दिव्याला वेगळी मोटर. मोटर एकाच दिशेनं फिरते, उलटी फिरत नाही. तिच्या दांड्याला आडवा हात आहे, तो अर्धा फेरा फिरला की दिवा वर आणि उरलेला अर्धा फेरा फिरला की दिवा खाली. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसता स्विच फिरवत बसलो. सिस्टर म्हणाल्या, बॅटरी तुमच्या पैशानं भरून देणार का.

आता दुखणं ऐक. डावा दिवा झटक्यात वर येतो. उजवा अर्ध्यावर येतो आणि थांबतो. हातानं जरा उचलला तर कधी पुढं जातो, कधी नाही. आणि आठवड्यातून एखाद्या वेळी उलटंच होतं. तोच उजवा दिवा थांबायचं नाव घेत नाही, वर-खाली, वर-खाली करत राहतो. सिस्टर परवा बाजारातून येत होत्या, तर समोरचा मोटारसायकलवाला बाजूला घेऊन थांबला. त्याला वाटलं बाई इशारा करतायत.

मी काय काय केलं ते लिहितो, म्हणजे तू तेच परत सांगणार नाहीस. फ्यूज चांगला आहे. डाव्याचा रिले उजव्याला लावून पाहिला, फरक नाही. उजवी मोटर काढून थेट बॅटरीवर धरली, तर फिरकीसारखी फिरली. मोटरपर्यंत येणाऱ्या वायरीत मीटर घातला, पूर्ण बारा व्होल्ट. म्हणजे मोटर चांगली, करंट येतोय, आणि जोडलं की चालत नाही. चार दिवस झाले. हातातलं दुसरं काम करताना डोकं तिकडंच असतं. जेवताना ज्योतीनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ आहे का, आणि मी दोन्ही वेळा ‘बारा’ म्हणालो.

पासिंगची तारीख २८ नोव्हेंबर आहे. दर पाच वर्षांनी जुन्या गाडीचं पासिंग करावं लागतं, तिथं दिवे वर आले नाहीत तर कागद पुढं सरकत नाही. आणि कागद संपला की सिस्टर गाडी रस्त्यावर काढणार नाहीत, त्या तसल्या नाहीत. घरापुढं उभी करतील आणि रोज पुसतील.

तुला का लिहितो हे तुला माहीत आहे. नगरला आयटीआयमध्ये आपण दोघं एका बाकावर होतो, पण उस्ताद अवघड गाडी आली की तुलाच हाक मारायचे. फाट्यावर आपण दुकान टाकलं तेव्हाही लोक म्हणायचे, बोलायला वैजनाथ आणि बघायला बजरंग. दूधवाल्या पुंजारामचा टेम्पो जळाला त्यानंतर तू पक्कड हातात धरली नाहीस, सासुरवाडीच्या जमिनीवर पारनेरला गेलास. ज्योती सांगते की विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला तरी तू दुसऱ्याला बोलावतोस. हे मला...

असो. जुनं काढायला हे पत्र नाही. आकृती नीट बघ. जमलं तर चार ओळी कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
वैजनाथ


पारनेर
१२ नोव्हेंबर

दाजी यांस नमस्कार.

पत्र मिळालं. आमी सगळे बरे हाय.

बारा व्होल्ट दाखवलं म्हंजे करंट पोचला आसं न्हाई. मीटर काय वज्जं उचलत न्हाई. एका तारेवरबी तो बारा दाखवील. वज्जं टाकलं की कळतं. म्हनून मोटर जोडा, स्विच चालू करा आन मग मोजा. प्लसला मोजू नका. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला धरा, दुसरी मोटरच्या अर्थच्या, म्हंजे करंट माघारी जातो त्या वायरीला. तिथं शून्याच्या जवळ पायजे. व्होल्ट दिसले तर तेवढे अर्थमधी मरत्यात. मंग अर्थ कुठं बोल्ट केलाय ते हुडका. रंगाखाली बघा.

दुसरं. ज्या वायरी दिव्यासंगं वर-खाली हुत्यात त्या वाकायच्या जागी बोटानं दाबत जा. वरून साबूत दिसत्याल, आत तुटल्याल्या आसत्यात. तिथं बोट लागलं की मऊ लागतं.

मी आता ही कामं करत न्हाई. परत इचारू नका.

बजरंग

ता. क. थांबत का न्हाई, वर-खाली का करतो, ते काय ह्या आकृतीवरून समजना. तुमी म्हनता मोटर एकाच बाजूला फिरती. मंग आर्ध्या फेऱ्यावर तिला थांबवतं कोन? ते उघडून बघितलं तर काय निघालं ते कळवा.


नेवासा फाटा
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बजरंग,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पोस्टमन दुकानात आला तेव्हा मी एका बोलेरोच्या खाली होतो. तिथंच पडल्या पडल्या वाचलं. ‘दाजी’ आणि ‘तुमी’ वाचून जरा वेळ बाहेर यावंसं वाटलं नाही. नातं तेच आहे म्हणा, दाजीच आहे मी तुझा. मग ता. क. वाचला आणि पाना तसाच टाकून सिस्टरला फोन लावला की आत्ता गाडी घेऊन या.

तू सांगितलंस तसं मोजलं. मोटर जोडली, स्विच चालू, एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी मोटरच्या अर्थला. पाच व्होल्ट! बारातले पाच रस्त्यातच गायब होते, मोटरला उरले सात. सात व्होल्टवर ती अर्ध्यापर्यंत येत होती आणि पुढं वजन चढलं की थांबत होती. चार दिवस मी वीज येते कशी ते बघत होतो, जाते कशी ते मी पाहिलंच नव्हतं.

अर्थची वायर हुडकत गेलो. ती दिव्याच्या मागं पत्र्याला बोल्ट केलेली. सिस्टरना विचारलं की या बाजूचं कधी काही काम झालंय का. तर तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीनं तो कोपरा घासला होता, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग केलेलं. पेंटरनं पत्र्याला झकास लाल रंग दिला आणि वायरीची चकती त्या रंगावरच आवळली. रंगाखाली बघा म्हणालास, ते पारनेरला बसून! पॉलिश पेपरनं घासून खालचा पत्रा उघडा केला, चकती घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. पाचाचे शून्य पूर्णांक एक झाले. दिवा वर आला, डाव्याच्या जरासा मागून, पण आला.

सिस्टर टाळ्या वाजवणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, दहा वेळा करून दाखवा. सातव्या वेळी अडकला.

मग तुझं दुसरं. वायरींचा जुडगा दिव्याबरोबर जिथं वाकतो तिथं बोटानं दाबत गेलो. एका ठिकाणी मऊ नाही, उलट कडक लागलं, गाठीसारखं. वरचं आवरण कापलं तर आत एक जोड निघाला. नुसता पीळ घातलेला, कथलाचा डाग दिलेला नाही, आणि त्यावर आपली काळी टेप नाही, कसली तरी कापडी पट्टी. जुनी होऊन गुळासारखी तपकिरी आणि चिकट झालेली. पिळाच्या दहा-बारा तारांपैकी तीनच धड होत्या, त्याही हिरव्या पडलेल्या. मी हसलो आणि म्हणालो, सिस्टर, हे बघा, हे कुण्या गाढवाचं काम.

त्या खुर्चीवर बसल्या होत्या. चष्मा लावून जवळ आल्या, पट्टीला बोट लावून बघितलं, वासही घेतला.

“त्या गाढवाचं नाव मालन,” त्या म्हणाल्या. “हॉस्पिटलची चिकटपट्टी आहे ती. धुळीचं वादळ होतं, समोरचं दिसत नव्हतं, ड्यूटीवर पोचायचं होतं आणि एकच दिवा लागत होता. दातांनी सोलली वायर. त्या दिवशी तेवढंच जमलं.”

मी ओशाळलो. म्हणालो, आधी सांगितलं असतंत तर माझे चार दिवस वाचले असते.

“मला कोणी विचारलं कुठं? विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

एवढंच बोलल्या आणि परत खुर्चीत जाऊन पेपर वाचायला लागल्या. ना लाज, ना सारवासारव. मी जोड कापला, नवी वायर घातली, डाग दिला, स्लीव्ह चढवली. हे करताना दोनदा सोल्डरगनचा चटका बसला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, त्यासाठीच तर हे पत्र. तिला अर्ध्या फेऱ्यावर थांबवतं कोण? मोटरच्या मागचं झाकण उघडलं. आत एक पितळी चकती आहे, दांड्याबरोबर फिरणारी, आणि तिच्यावर टेकलेल्या तीन पितळी पट्ट्या. चकतीला दोन ठिकाणी खाच आहे, समोरासमोर. पट्टी खाचेवर आली की पितळ संपतं, करंट तुटतो, मोटर थांबते. म्हणजे मोटर स्वतःच स्वतःचा करंट तोडते. किती साधं आणि किती हुशार! आपल्या गाडीत एका खाचेत जुनं ग्रीस आणि पितळेचा भुगा जमून काळा दगड झाला होता, आणि तो करंट जाऊ देत होता. म्हणून कधी कधी थांबायचं तिथं थांबायची नाही, फिरतच राहायची. टाचणीनं खाच कोरली, पेट्रोलनं धुतली. काल सिस्टरनी तीस वेळा दिवे वर-खाली केले. तिसाव्याला मान हलवली.

तू इथं असतास तर ती चकती हातात घेऊन तासभर बसला असतास. आकृती मागच्या पानावर आहे, खाच लाल पेननं दाखवलीय.

आणखी एक लिहायचं होतं. सिस्टर ते बोलल्या तेव्हापासून ते डोक्यात आहे. पण ते या पत्रात नको. हे पत्र दिव्याचं राहू दे. पासिंग झालं की कळवतो.

तुझा
वैजनाथ


नेवासा फाटा
२ डिसेंबर २०२५

बजरंग,

पासिंग झालं. साहेबांनी दिवे वर करायला सांगितले, दोन्ही एकदम वर आले. त्यांनी पुन्हा करायला सांगितले. मग आतल्या दोघांना बाहेर बोलावून आणखी एकदा. सिस्टर म्हणाल्या, आता पुरे, मोटर गरम होईल. पाच वर्षांचा कागद मिळाला.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुला याची चौकशी करावीशी वाटणार नाही.

फेब्रुवारी २०११. पुंजारामच्या दुधाच्या टेम्पोचं सगळं वायरिंग तू केलंस. तीन दिवस लागले होते. काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू वहिनींना बाळंतपणासाठी पारनेरला पोचवायला गेलास आणि संध्याकाळी पुंजाराम दुकानात आला. पहाटे प्रवरेच्या काठानं धुकं असतं, दोन जादा दिवे लावून दे, सकाळी दूध न्यायचंय. मी दुकान बंद करायच्या घाईत होतो. फ्यूजचा होल्डर दुकानात नव्हता. मी बॅटरीवरून थेट वायर घेतली, पीळ घातला, टेप मारली. पत्र्याच्या भोकातून वायर आत नेली, तिथं रबरी बूच बसवलं नाही. मनात होतं, उद्या नीट करू. उद्याचं परवा झालं. तू आल्यावर दिवे लावले एवढंच सांगितलं.

बाराव्या दिवशी पहाटे बेलापूरच्या रस्त्याला टेम्पो पेटला. बॅटरीची वायर उपटायला गेला आणि पुंजारामचा उजवा हात भाजला. आपण दोघं मोटारसायकलवर गेलो. टेम्पोचा सांगाडा धुमसत होता, रस्त्यावर दूध वाहिलेलं. तू मला बाजूला घेतलंस आणि एकच विचारलंस, “त्या दिव्यांना फ्यूज घातला होतास ना?”

मी होय म्हणालो.

फ्यूज नव्हता, बजरंग.

तू मान हलवलीस आणि लोकांत जाऊन म्हणालास, ‘वायरिंग माझं होतं.’ मी तिथंच उभा होतो. पुंजाराम दवाखान्यातून आल्यावर तुमच्या दारात उभा राहून आईंसमोर तुला बोलला, तेव्हाही मी अंगणात होतो. तू पान्यांची पेटी दुकानात ठेवून गेलास, मी ती नीट पुसून कपाटात ठेवली. मला तेव्हा ते चांगुलपण वाटलं.

मालनसिस्टरना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मला तू विचारलं होतंस.

चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आग माझ्याच जोडातून लागली हे कशावरून? तुझ्याकडूनही एखादा जोड राहिला असेल. टेम्पो भंगारात गेला तेव्हा मी जाऊन त्यातला जळका जुडगा कापून आणला होता, बघायचं म्हणून. गोणीत बांधून माळ्यावर टाकला. दुसऱ्याच्या गाडीतली टाचणीएवढी खाच बघायला मी मोटर फोडतो, आणि ती गोणी मी चौदा वर्षं उघडली नाही. उघडायची गरज नव्हती, म्हणून नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी, २३ तारखेला दुपारी, ती खाली काढली. जुडगा बाकावर पसरला आणि एकेक तार मोकळी करत गेलो. तुझं वायरिंग वरून कोळसा झालंय, पण आत प्रत्येक जोड जागेवर आहे. टेप जळून गेली, कथलाचे डाग वितळून थेंब झाले, पण तुझी गुंडाळी सुटली नाही. आणि पत्र्याच्या भोकाजवळ, जिथून माझी वायर आत जात होती, तिथं तांब्याचा गोळा झालाय, वाटाण्याएवढा. तांबं असं आगीनं वितळत नाही, शॉर्ट झाल्यावर वितळतं. हे तूच मला शिकवलं होतंस. आग तिथूनच लागली. वाटाणा माझ्याच वायरीला आहे.

पासिंगहून परत येताना मी सिस्टरना म्हणालो की गाडी जरा पुंजारामच्या गावाकडून घ्या. का ते त्यांनी विचारलं नाही. पुंजारामची आता पिठाची गिरणी आहे. उजवी मूठ मिटत नाही, डाव्या हातानं पट्टा चढवतो. मी गिरणी बंद करायला सांगितली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मारील असं वाटलं होतं. तो पिठाच्या डब्यावर बसला. मला म्हणाला, एवढ्या वर्षांनी आता का सांगतो.  मग उजवा हात मांडीवर घेतला.

“हात काय, हाय तसाच राहनार,” तो म्हणाला. “पन मी त्याला त्याच्या आईपुढं बोललो, त्ये आता कुठं जाऊन माघारी घेऊ?”

तुझा पत्ता मागून घेतला. तो येईल. कधी ते बोलला नाही.

शनिवारी ज्योतीला सांगितलं. तिच्या आधी पुंजारामला सांगितलं, कारण ते सोपं होतं. तिला सांगायला मला आणखी एक दिवस लागला. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी जळाली, तिनं ती उतरवली, गॅस बंद केला. मग म्हणाली, “आई गेली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं.”

तुमच्या आई, रंगुबाई, गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या, माझ्या बजरंगच्या हातून चूक झाली, पण त्याच्या मनात काही नव्हतं, तुम्ही त्याला टाकू नका. मी होय होय म्हणालो होतो. हे मी ज्योतीला सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. संस्कृती दोघांकडं बघते आणि वह्या घेऊन मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते. तिलाही सांगणार आहे, ज्योती तुझ्याकडून परत आल्यावर, किंवा त्याआधी.

माफी मागावी असं मनात होतं. पण माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तुझी चौदा वर्षं गेली, हातातली विद्या गेली, आईंच्या मनातला डाग तसाच राहिला. आणि एवढं सगळं होऊन तू एका पत्रात, आकृती बघून, रंगाखाली बघा म्हणून सांगतोस. ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता, आणि लगेच स्वतःची किळस आली. तू दुकानात असतास तर तालुक्यातली कुठली गाडी अडली असती?

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. ज्योती घेऊन येते आहे. तिनं ते वाचलंय, दोन ठिकाणी मी शब्द मऊ केले होते ते तिनं नुसतं बोट ठेवून खोडायला लावले. जळका जुडगा तिच्या पिशवीत आहे, सुती कापडात गुंडाळलेला. तू स्वतः बघ. माझ्या शब्दावर राहू नकोस, राहावंस असा तो शब्द नाही. आता मी तिला एसटीत बसवून द्यायला निघतोय. परत कधी येणार हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

रविवारी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जुनी माणसं बसतात, त्यावेळची पाच-सहा जण अजून आहेत. त्यांनाही सांगून येणार आहे. तुला उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहू. पण उद्या कोणी विचारलं की पुंजारामच्या टेम्पोचं वायरिंग कोणाचं होतं, तर मान खाली घालू नकोस. सांग, वायरिंग माझं होतं आणि ते शेवटपर्यंत शाबूत होतं. दिवे वैजनाथनं जोडले.

खोटं बोललेला,
वैजनाथ